चढावरची किणकिण

गॅरेजच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलेला रस्ता डावीकडे वळे आणि पाण्याच्या जुन्या टाकीपर्यंत एकसारखा चढत जाई. त्या चढाला दादा शाळा म्हणत. दुरुस्त झालेली कोणतीही गाडी मालकाच्या हाती जाण्यापूर्वी एकदा तरी शाळेत जाऊन आली पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. गिअर टॉपचा, वेग मंद, आणि मग ॲक्सिलरेटर एकदम तळापर्यंत. अशा वेळी सगळा भार इंजिनावर येतो आणि त्याच्या पोटातले ओठावर येते. "सपाटीवर सगळीच इंजिनं गोड बोलतात रे," दादांचे वस्ताद म्हणत असत, "खरं बोलायला लावायचं तर चढावर न्यावं."

चढावर कान देऊन ऐकायचे ते एकच. नॉकिंग. काचेच्या बरणीत बारीक खिळे घालून कोणी हलवावी, तशी ती किणकिण असते. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण ठिणगीपाशी पेटावे आणि ज्योत सिलिंडरच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत क्रमाने, मर्यादेने जावी, हा इंजिनाचा धर्म. पेट्रोल हलके असले, आत काजळी साचून निखाऱ्यासारखी धुमसत राहिली, इंजिन अतोनात तापले किंवा ठिणगी वेळेच्या फार आधी पडली, की ही मर्यादा मोडते. ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपले आपण भडकते आणि पिस्टनच्या डोक्यावर घणाचा घाव बसतो. एकेक घाव लहान असतो. परंतु इंजिन जितक्या वेळा श्वास घेते तितक्या वेळा तो बसत राहतो, आणि धातू झाला तरी त्यालाही सहनशक्तीची सीमा आहे.

तरीही किणकिणीला नुसते भिऊन चालत नाही, आणि दादांची विद्या नेमकी इथेच होती. प्लगना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर हाताने किंचित फिरवला की ठिणगीची वेळ पुढेमागे होते. ती फार मागे ठेवली तर गाडी वाजत नाही खरी, पण सुस्तावते आणि पेट्रोल पीत राहते. म्हणून दादा वेळ हळूहळू पुढे नेत. चढावर पहिली किणकिण कानी आली की थांबत, आणि तिथून केसभर मागे येत. हे केसभर म्हणजे किती, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते. मग खिशातली अणकुचीदार सळई काढून डिस्ट्रिब्युटरचे बूड आणि इंजिनाचे अंग यांवरून मिळून एक बारीक रेघ ओढत. चित्रकाराने चित्राखाली सही करावी तशी ती रेघ होती. पुढे कोणी डिस्ट्रिब्युटर नखभर जरी हलवला, तरी रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकत आणि चोरी उघडी पडे.

लोक त्यांना कानवाले दादा म्हणत. गॅरेजच्या पाटीवरही तेच नाव होते, आणि रंगाऱ्याने हौसेने नावाशेजारी एक भला मोठा कान काढला होता. दादांना तो कान मुळीच आवडत नसे. "खाटकाच्या दुकानावर टांगल्यासारखा दिसतो," असे ते म्हणत. परंतु पाटी पुसून मात्र कधी घेतली नाही.

आणि त्या कानानेच अलीकडे त्यांची साथ सोडायला सुरुवात केली होती.

प्रथम पाखरे गेली. घरामागच्या झाडावर पहाटे जो कल्लोळ चाले तो विरळ होत होत थांबला. "हल्ली पाखरं येईनाशी झाली," दादा एकदा पायरीवर बसून म्हणाले. त्यांच्या पत्नीने, जिला सारे गॅरेज वहिनी म्हणत असे, हातातले काम थांबवून झाडाकडे पाहिले. झाड पाखरांनी नुसते गजबजले होते. "येतात की—" एवढे तिच्या तोंडून निघाले, मग तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मोठ्याने म्हणाली, "हो, कमीच झालीत." पाखरांनंतर कुकरची शिट्टी गेली, आणि दाराच्या बिजागरीची कुरकुरही. पुरुषांचे जाड आवाज, ऐरणीवरचे घाव, ट्रकची घरघर मात्र जशीच्या तशी पोहोचत होती, आणि ती पोहोचते म्हणून आपला कान शाबूत आहे, अशी दादा स्वतःची समजूत घालीत. त्यांना कळत नव्हते असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. कळत होते, परंतु कळलेले त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नव्हते.

धाकटा भाऊ अप्पा त्यांच्याच हाताखाली शिकून तयार झाला होता. त्याने एके दिवशी पिस्तुलासारखा दिसणारा एक दिवा आणला.

"हे काय? दरोडा घालायचाय?" दादांनी विचारले.

"टायमिंग लाइट. तारा बॅटरीला लावायच्या, चिमटा पहिल्या प्लगच्या वायरवर, आणि उजेड पुलीवर मारायचा. पुलीवरची खूण थांबल्यासारखी दिसते. कंपनीने सांगितलंय त्या जागी आणून ठेवली की झालं."

"आणि पेट्रोल? तेही कंपनी सांगेल तसंच पंपावर मिळतं का? इंजिन किती झिजलंय, आत काजळी किती आहे, हे तुझ्या दिव्याला दिसतं?"

"नाही दिसत."

"मग ठेव तो देवापुढे. उजेड तरी पडेल."

अप्पा दिव्याची तार गुंडाळत, खाली मान घालून हळूच म्हणाला, "दिव्याला वय होत नाही, दादा."

"काय म्हणालास?"

"काही नाही. चहा सांगू का, म्हटलं."

"सांग की. विचारतोस काय?"

पुढे काही महिन्यांनी दाताच्या डॉक्टरीणबाई आपली गाडी ऑइल बदलायला घेऊन आल्या. त्या गाडीचे टायमिंग दादांनी स्वतः लावले होते. बॉनेट उघडून ते सवयीने वाकले, आणि वाकलेलेच राहिले. त्यांच्या रेघेचे दोन तुकडे झाले होते. वरचा तुकडा खालच्यापासून चांगला नखभर सरकलेला होता.

"बाई, गाडी दुसरीकडे कुठं दाखवली होती?"

"छे! तुमच्याखेरीज कुणाला हात लावू देत नाही मी. का हो?"

"सहज विचारलं."

त्यानंतर परत आलेली प्रत्येक गाडी दादांनी निरखून पाहिली. प्रत्येकीची रेघ मोडलेली होती, आणि प्रत्येकीचा डिस्ट्रिब्युटर मागेच सरकवलेला होता. दुपारी आपण जेवायला घरी जातो तेव्हा गॅरेजमध्ये अप्पा असतो, आणि तो दिवाही असतो, हे ध्यानी यायला त्यांना वेळ लागला नाही. ज्याला पाना धरायला शिकवले त्याने आपली सही खोडावी, आणि तीही पाठीमागे! त्या दिवशी ते ताट अर्धे टाकून उठले.

"अप्पा माझं केलेलं काम मोडतो," ते वहिनीला म्हणाले.

वहिनी कपड्यांच्या घड्या घालीत होती. तिने नजर वर केली नाही. "त्याला काहीतरी वाटलं असेल, अहो."

"काय वाटलं असेल?"

"त्यालाच विचारा ना."

"मी विचारू? त्याला? मी?"

वहिनीने घडी घातलेला सदरा उलगडला आणि पुन्हा त्याची घडी घातली. त्या कुटुंबात त्या दिवशी दोन माणसांना जे ठाऊक होते ते तिसऱ्याला सांगण्याची एक सोपी वाट होती. पण त्या वाटेवर दादांचा अभिमान आडवा बसला होता आणि त्याला ओलांडून जाण्याचे धैर्य तिच्यापाशी नव्हते.

दादांनीही अप्पाला विचारले नाही. त्यांनी फक्त एक निश्चय केला. आता एक तरी गाडी अशी जाईल की तिच्यावरची रेघ अखंड राहील.

ती गाडी त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या घरची निघाली. बहिणीच्या यजमानांचे, भाऊजींचे, चष्म्यांचे दुकान होते. स्वभावाने ते गमत्ये. दुकान थाटले तेव्हा घेतलेली गाडी त्यांनी अजून जपली होती, आणि ती दादांच्या जिवावरच चालते, असे ते चारचौघांत सांगत. त्यांची एकुलती मुलगी, दादांची भाची चिऊ, डोंगरापलीकडच्या मोठ्या कॉलेजात जागा मिळावी म्हणून दोन वर्षे मान मोडून अभ्यास करीत होती. लेखी परीक्षेत ती चांगली उतरली होती. आता मुलाखत होती. सोमवारी दुपारी, ठरल्या वेळी. मुलाखतीला जो हजर नाही त्याची जागा दुसऱ्याला, असा त्या कॉलेजचा नियम होता.

"दादा, डोंगर चढायचाय," भाऊजी म्हणाले. "एकदा तुमचा कान फिरू दे गाडीवरून."

"रविवारी सकाळी आणा. गॅरेज बंद असतं. निवांत बघू." रविवार दादांनी का निवडला हे भाऊजींना कळण्याचे कारण नव्हते. रविवारी अप्पा नसे.

ठरल्याप्रमाणे सगळे कुटुंबच आले. बहीण डबा घेऊन ओट्यावर बसली. दादांनी प्लग काढून घासले, पंख्याचा पट्टा ताणला, रेडिएटरमध्ये बोट बुडवून पाणी पाहिले. काजळी त्यांनी थोड्याच दिवसांपूर्वी इंजिनाचे झाकण, म्हणजे हेड, उतरवून खरवडली होती. काम करता करता ते भाऊजींना समजावीत होते.

"चढावर वेग पडायला लागला की मुकाट्याने गिअर खाली घ्यायचा. टॉपमध्ये रखडवायचं नाही. इंजिन तिथंच मार खातं. टाकी आपल्या ओळखीच्या पंपावर भरा, वाटेत कुठंही थांबून भरू नका. काटा चढून गाडी तापायला लागली तर बाजूला घेऊन उभे राहा."

"म्हणजे तुमच्या बहिणीला सांभाळतो तसंच," भाऊजी म्हणाले. "चढ आला की नमतं घ्यायचं, तापली की बाजूला उभं राहायचं."

"ऐकतेय हं मी!" ओट्यावरून आवाज आला.

मग गाडी शाळेत निघाली. दादा चालवीत होते, शेजारी भाऊजी, मागे चिऊ. टॉप गिअर, पाय तळाला. दादांनी कान दिला. इंजिनाची भरीव घुमघुम तेवढी ऐकू आली, बाकी शांत. टाकीपाशी थांबून त्यांनी बॉनेट उघडले, डिस्ट्रिब्युटर जरा पुढे घेतला, खाली येऊन पुन्हा चढ धरला. शांत. पुन्हा पुढे घेतला. पुन्हा शांत.

आरशात त्यांना चिऊचे ओठ हललेले दिसले.

"काय गं?"

"मामा, काहीतरी किणकिणतंय!" ती पुढे झुकून मोठ्याने म्हणाली. "चमच्यांचा डबा हलवल्यासारखं."

भाऊजींनी मान कलती केली. "हो की. मलाही जरासं..."

त्या क्षणी गाडी थांबवून एवढेच म्हणायचे होते की, मला ऐकू येत नाही, तुम्हीच सांगा. तीन माणसांच्या त्या गाडीत दोघांचे कान निरोगी होते आणि ते खरे सांगत होते. परंतु दादा म्हणाले, "सायलेन्सरचा पत्रा आहे तो. सैल झालाय. तुम्हा लोकांना पत्रा आणि पिस्टन यातला फरक कळायला लागला, तर मी दुकान बंद करून चष्मे विकायला बसतो."

भाऊजी खो खो हसले. चिऊही हसली. मामाने पत्रा म्हटले म्हणजे पत्रा. त्या घरात दादांच्या शब्दाला दुसरा शब्द नव्हता.

दादांनी डिस्ट्रिब्युटर आणखी पुढे घेतला. आता मात्र चढावर, फार दुरून यावी तशी, किणकिणीची एक पुसट चाहूल त्यांच्या कानाला लागली, आणि त्यांच्या जिवात जीव आला. आहे! कान आहे! बंद पेटीतून हाक ऐकू यावी इतके ते क्षीण होते. पण आत किंचाळी फुटली होती म्हणून ते एवढे तरी पोहोचले, हा विचार त्यांनी मनाला शिवू दिला नाही. बोटांच्या जुन्या ज्ञानाने ते तिथून केसभर मागे आले. केसभरच. मग नट आवळला, सळई काढली आणि रेघ ओढली.

"भाऊजी, एक सांगतो. परत येईपर्यंत याला कुणाला हात लावू द्यायचा नाही. अप्पालासुद्धा नाही."

"आज्ञा," भाऊजी म्हणाले.

सोमवारी संध्याकाळी गॅरेजचा फोन अप्पाने घेतला. बोलता बोलता त्याचा चेहरा उतरत गेलेला दादांनी पाहिला. डोंगराच्या वरच्या अंगाला, शेवटच्या वळणांपैकी एकावर, इंजिनातून फटाका फुटल्यासारखा आवाज येऊन निळा धूर निघाला होता, आणि गाडी जी थांबली ती थांबलीच. ऊन रणरणत होते. येणाऱ्या गाड्या भरलेल्या. मायलेकी शेवटी एका बसमध्ये उभ्याने गेल्या, तेव्हा कॉलेजचे फाटक उघडे होते, पण मुलाखतीच्या खोलीला कुलूप लागले होते. शिपायाने सांगितले, पुढच्या वर्षी या.

दुसऱ्या दिवशी ट्रकमागे दोर बांधून गाडी गॅरेजात आली. अप्पाने हेड उतरवायला घेतले. दादा बाजूला उभे होते.

"पेट्रोल भेसळीचं असणार," ते म्हणाले.

"टाकी इथूनच भरून निघाले होते भाऊजी. आपल्याच पंपावर."

"मग तापली असेल. माणसं चढावर काटा बघत नाहीत."

"पाणी काठोकाठ आहे. पट्टाही ठीक आहे."

"मग वाटेत कुणीतरी हात घातला असेल. रस्त्यावरचे मिस्त्री असतातच टपलेले. तो डिस्ट्रिब्युटर कुणीतरी—"

बोलता बोलता ते स्वतःच वाकले. फडक्याने तेलकट धूळ पुसली. खालून रेघ वर आली. सरळ, बारीक, अखंड. बुडापासून अंगापर्यंत कुठेही मोडलेली नव्हती. त्यांनी ती ओढली होती तशीच होती.

दादा वाकलेलेच राहिले.

अप्पाने काढलेला प्लग त्यांच्या हातावर ठेवला. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक कण चिकटले होते आणि उजेडात चकाकत होते. ते काय होते हे दादांना कोणी सांगायला नको होते. डोळे अजून शाबूत होते. ते पिस्टनचे ॲल्युमिनियम होते. घावांनी वितळून, उडून तिथे बसलेले. मग पिस्टन बाहेर आला. त्याच्या माथ्यावर अंगठा जाईल एवढे भोक होते आणि भोकाच्या कडा मेणासारख्या वाहून गोठल्या होत्या.

"दिव्याने बघितलं असतं तर..." अप्पाने वाक्य सोडून दिले.

"कधीपासून?" दादांनी विचारले. काय कधीपासून, हे दोघांनाही कळले.

"वर्ष तरी झालं असेल. एक गाडी तू लावून दिलीस आणि ती फाटकातून बाहेर पडतानाच वाजत होती. बाहेर पडतानाच, दादा, सपाटीवर. तू तिच्या शेजारी उभा राहून मालकाला सांगत होतास की आता कशी शांत झालीय बघा."

"आणि तू मला बोलला नाहीस."

"काय बोलणार होतो? बोललो असतो तर ऐकलं असतंस?"

हा प्रश्न त्याने साध्या अर्थाने विचारला होता, पण विचारल्यावर तो स्वतःच वरमला. दादांनी प्लग बाकावर ठेवला.

"म्हणून पाठीमागून दुरुस्त करत राहिलास. उपकार केलेस माझ्यावर."

"उपकार?" अप्पाचा आवाज एकदम चढला, आणि तो दादांना नीट ऐकू आला. "पाटी बघ बाहेर जाऊन! काय लिहिलंय तिच्यावर? माझं नाव आहे? लोक माझ्याकडे येत नाहीत, तुझ्या कानाकडे येतात. कान गेला असं एकदा बाहेर पडलं की दोन्ही घरच्या चुली थंड. नव्या गाड्यांना म्हणे आता कान कंपनीतूनच बसवून येतात, वाजायच्या आत ठिणगी आपोआप मागे घेतात. त्या आपल्याकडे फिरकणारसुद्धा नाहीत. ह्या जुन्या गाड्या आहेत तोवर तुझं नाव चालवायचं, एवढंच मी करत होतो. मी तुला झाकत होतो असं समजू नकोस. मी दुकान झाकत होतो."

दादांनी पिस्टनवरचे भोक अंगठ्याने चाचपले. मग म्हणाले, "तुझ्या वहिनीला ठाऊक होतं?"

अप्पाने उत्तर दिले नाही. आणि उत्तर न मिळणे कसे असते हे बहिऱ्यालाही कळते.

भाऊजींच्या दुकानात जायला दादांना आठवडा लागला. गेले तेव्हा गिऱ्हाईक नव्हते. भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता होता. वर मोठी अक्षरे, खाली खाली लहान होत गेलेली. भाऊजी काउंटरमागे एका फ्रेमचा स्क्रू बसवीत होते. चिऊ कोपऱ्यातल्या स्टुलावर काचा पुसून मांडीत होती. एरवी दादा दिसले की भाऊजी काहीतरी फिरकी घेतल्यावाचून राहत नसत. आज त्यांनी "या" एवढेच म्हटले.

"भाऊजी, माझं चुकलं."

"इंजिन अप्पा बांधून देतोय. त्याचं काही नाही." भाऊजींनी स्क्रू पिळला. "एक सांगू का दादा? ती वाजत होती. खालच्या वळणापासून वाजत होती. चिऊ म्हणाली, बाबा, थांबवा. हीसुद्धा म्हणाली. मलाही ऐकू येत होतं. बहिरा असतो तर बरं झालं असतं. मी काय म्हणालो ठाऊक आहे? म्हणालो, दादांनी लावलंय, तो पत्रा असेल. शेवटपर्यंत पत्राच म्हणत होतो मी."

भाऊजींनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि भिंतीकडे बोट केले.

"तो तक्ता बघा," भाऊजी म्हणाले. "रोज माणसं समोर बसतात. खालची ओळ दिसत नाही म्हणून सांगतात. लाजत नाहीत, रडत नाहीत. काच बदलून घरी जातात. तुम्हाला एक ओळ कमी ऐकू येते, हे सांगायला तुमच्या जिभेला काय झालं होतं? मी चष्मे विकणारा माणूस, दादा. मी हसलो असतो तुम्हाला?"

चिऊने हातातली काच ठेवली. ती मामाकडे पाहून काहीतरी बोलली. तिचा आवाज मुळात बारीक, आणि त्या दिवशी तो अगदीच खाली होता. दादांना तिचे ओठ हललेले दिसले. दोन-तीन शब्द असावेत. डोळ्यांत पाणी होते, पण ते रागाचे की मायेचे हे ओठांवरून कळत नव्हते. जाऊ दे मामा, म्हणाली असेल. जा मामा, असेही म्हणाली असेल. त्यांनी भाऊजींकडे पाहिले. भाऊजींनी मान खाली घालून दुसरा स्क्रू उचलला. पुन्हा सांग, असे म्हणण्याची आणखी एक संधी दादांपुढे उभी होती, आणि ते पुन्हा एकदा नुसती मान हलवून पायऱ्या उतरले.

गॅरेज चालूच राहिले. दादांनी घरी बसायचे ठरवले होते, पण अप्पा घरी आला, ओट्यावर बसला आणि म्हणाला, "ये. नाहीतर पाटी उतरवावी लागेल." वहिनी दारात उभी होती. दादांनी तिच्याकडे पाहिले, मग पायांत चपला सरकवल्या.

काही दिवसांनी लांबच्या गावाहून एक गृहस्थ जुनी गाडी घेऊन आले. कुणाकुणाकडून नाव ऐकून आले होते. "चढावर खणखण वाजते हो," ते हात जोडून म्हणाले. "सगळे मिस्त्री झाले. म्हटलं, आता कानवाल्या दादांचे पाय धरावेत."

अप्पाने आधीच दिवा लावून पाहून ठेवले होते. त्याने इंजिन सुरू केले आणि तो बॉनेटच्या आडोशाला, गृहस्थांना दिसणार नाही अशा बेताने उभा राहिला. दादांनी लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचे टोक इंजिनावर टेकवले, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. त्यांना घुमघुम ऐकू आली. एवढीच. त्यांनी डोळे किलकिले केले. आडोशामागे अप्पाने अंगठा आपल्या छातीकडे वळवला, आणि तर्जनीच्या पेरावर दुसरे बोट टेकवले. मागे, एवढे.

"वेळ पुढे गेलीय," दादा गंभीरपणे म्हणाले. "अप्पा, मागे घे. पेरभर."

"बघा!" गृहस्थ शेजारी उभ्या असलेल्या मुलाला म्हणाले. "नुसतं ऐकून सांगितलं! याला म्हणतात कान!"

अप्पाने डिस्ट्रिब्युटर फिरवला, दिव्याने खात्री करून घेतली, नट आवळला. गाडी शाळेत जाऊन आली, वाजली नाही. गृहस्थ निघता निघता थबकले. "दादा, ती तुमची रेघ राहिली. लोक म्हणतात, रेघ ओढल्याशिवाय गाडी घेऊ नका म्हणून."

दादांनी अप्पाकडे पाहिले. अप्पा फडक्याने हात पुसत होता; तो पुसतच राहिला.

दादांनी खिशातून सळई काढली, वाकले आणि दुसऱ्याने केलेल्या कामावर आपली रेघ ओढली. रेघ नेहमीसारखीच बारीक आणि सरळ आली.